त्रेसष्ट गोळ्या

रविवारी सकाळी पावणेअकराला अपूर्वाने दुर्गाबाईंची विणकामाची पिशवी उचलली, ती फक्त टेबल पुसायला. पिशवी कलंडली. क्रोशाची सुई, पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा आणि रबरबँड लावून नीट एकावर एक रचलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या जमिनीवर आल्या. सहा रिकाम्या, सातवी अर्धवट, बाकीच्या भरलेल्या.

"आई," अपूर्वा सासूला म्हणाली, "या बाबांच्या केमोच्या गोळ्या ना? आत्यांच्या पिशवीत कशा?"

सुनीती गवार मोडत बसली होती. तिने मान वर केली, पट्ट्यांवरचं नाव वाचलं आणि हातातली शेंग तशीच राहिली. कॅपेसिटाबीन. बरोबर तेच नाव, तीच गुलाबी गोळी. आणि श्यामसुंदररावांच्या गोळ्या तर तिच्या कपाटात होत्या, कुलपात, किल्ली तिच्या कमरेला.

आता इथे सरळ उठून वन्संना विचारायचं, एवढंच काम होतं. पण गेले अकरा दिवस कर्वेनगरच्या त्या तीन खोल्यांत नणंद-भावजय एकमेकींशी एक अक्षर बोलत नव्हत्या. मीठ हवं असलं तरी अपूर्वामार्फत मागायच्या. बिचारी अपूर्वा सकाळी बँकेत जायची तेव्हा दोघी फोनवर तिला निरोप पाठवायच्या, आणि ती कॅशच्या रांगेसमोर बसून एकीचा निरोप दुसरीला पाठवायची.

भांडण झालं होतं पन्ह्यावरून. डिसेंबरात श्यामसुंदररावांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, जानेवारीपासून दर तीन आठवड्यांनी एक सलाइन आणि मग चौदा दिवस गोळ्या, असं चक्र सुरू झालं. त्या सलाइनमधल्या औषधाची एक खोड होती. ते अंगात गेलं, की आठवडाभर गारव्याचं नाव काढायचं नाही. फ्रिजच्या दांड्याला हात लागला तरी बोटांना झिणझिण्या. गार घोट घेतला तर घसा आवळून यायचा. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा दुर्गाबाई धायरीला होत्या. नंतर त्या दोन पिशव्या घेऊन भावाच्या सेवेला आल्या, त्यांना सगळ्यांनी "फ्रिजमधलं काही देऊ नका" एवढंच बजावलं. पाचव्या सलाइनच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, त्यांनी भावाला कैरीचं पन्हं करून दिलं. फ्रिजमधलं नव्हतंच ते. माठातल्या पाण्यातलं होतं.

दोन घोटांत श्यामसुंदररावांनी गळा धरला. डोळे मोठे झाले. फोनवर डॉक्टर शांतपणे म्हणाले, घाबरू नका, श्वास कोंडल्यासारखं वाटतं पण खरोखर कोंडत नाही, गरम पाण्याची वाफ द्या, कोमट पाणी द्या. पाच मिनिटांत सगळं ठीक झालं. पण त्या पाच मिनिटांत सुनीती बोलून गेली होती.

"वन्सं, माझ्या माणसाला मारायला आलात का इथे?"

दुर्गाबाईंनी पन्ह्याचा पेला घासून पालथा घातला आणि गप्प झाल्या. स्वारगेटला बस बदलली की तासाभरात धायरीच्या आपल्या घरी पोचता येत होतं, पण गेल्या नाहीत. सुनीतीला तेच जास्त टोचत होतं. गेल्या असत्या तर निदान रागावता आलं असतं.

तर आता दुर्गाबाई देवघरातून बाहेर आल्या आणि जमिनीवरच्या पट्ट्या बघून थबकल्या.

"अपूर्वा," सुनीती भिंतीकडे बघत म्हणाली, "त्यांना विचार, या त्यांच्याकडे कुठून आल्या."

"अपूर्वा, तिला सांग, वरदने आणून दिल्या. सकाळी तीन, रात्री तीन, जेवण झालं की अर्ध्या तासाच्या आत मी देते श्यामला. एकदासुद्धा चुकलेली नाही."

"तुम्ही देता?" सुनीती गर्रकन वळली. अकरा दिवसांचं मौन मोडलं ते असं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. "अहो, मी देते त्यांना! सकाळी कॉलेजच्या ऑफिसात जायच्या आधी तीन, रात्री तीन!"

"तू?" दुर्गाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "अगं, पण मग... मी कधीपासून देतेय..."

"कधीपासून?"

"त्या बुधवारनंतर. गुरुवारपासून."

"वरद!" सुनीती ओरडली.

अपूर्वाचा नवरा आतून लॅपटॉप हातात घेऊनच आला. काय झालंय ते कळल्यावर तो खुर्चीत बसला, आणि एवढा तिशीचा बाप्या पण शाळेत पकडल्यासारखा दिसायला लागला.

"दोघींनी वेगवेगळं येऊन सांगितलं, गोळ्या माझ्याकडे दे," तो म्हणाला. "पुढच्या चक्राच्याही आणून ठेवल्या होत्या, म्हणून एकेक सेट दिला. मला वाटलं, एकीकडे बॅकअप असेल."

"बॅकअप!" अपूर्वा म्हणाली. "अरे, माणूस आहे तो, सर्व्हर नाही."

"मग मी कोणाला नाही म्हणायला हवं होतं, ते तू सांग."

सुनीतीने बोटांवर हिशेब केला. गुरुवार ते काल शनिवार, दहा दिवस. दिवसाला सहा जास्त, साठ. आणि आज सकाळच्या तीन. सहा पट्ट्या रिकाम्या आणि सातवीतल्या तीन. त्रेसष्ट. दुप्पट औषध, दहा दिवस, ज्या माणसाचं वजन ऑपरेशननंतर नऊ किलोंनी उतरलंय त्याला.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. तळहात लाल झालेत. पायाचे तळवे जळतात म्हणून ते घरातही सुती मोजे घालून हिंडतात. तळपायाची कातडी सुटायला लागलीय, रोज रात्री ती मलम चोळते. या आठवड्यात दोन-तीनदा पोट बिघडलं. तोंडाला चव नाही म्हणाले. हे सगळं गोळ्यांनी होतं, हे तिला जानेवारीपासून माहीत होतं. पण आता तिला वाटलं, हे तर विष चढत होतं, आणि आपण मलम चोळत होतो.

अपूर्वाने हॉस्पिटलच्या नंबरावर फोन लावून स्पीकरवर ठेवला. रविवारच्या ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती, पण ऐकताना तिचा आवाज बदलला.

"दहा दिवस दुप्पट? नक्की? ताप आहे का? तोंडात फोड? जुलाब दिवसातून किती वेळा?"

कोणालाच धड सांगता येईना.

"हे बघा, आज यापुढे एकही गोळी देऊ नका. आणि त्यांना लगेच इकडे घेऊन या. उद्यावर टाकू नका. पेशंट कुठे आहेत?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पेशंट दाढी करून येतो म्हणून नऊला खाली उतरले होते. वरदने बाबांना फोन लावला. तो आतल्या खोलीत, चार्जरवर, वाजायला लागला.

"मी सलूनमध्ये बघतो," वरद स्कूटरची किल्ली घेऊन पळाला. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. बाबा तिथून दहालाच निघालेत. अपूर्वा बागेकडे गेली. शेजारच्या बद्रीनाथकाकांकडे विचारलं, तिथेही नव्हते. बाकी राहिल्या त्या दोघीच, समोरासमोर, मध्ये अर्धी मोडलेली गवार.

सुनीतीला एकच दिसत होतं. रस्त्याच्या कडेला कुठेतरी ते बसलेत, मोज्यातले पाय जळतायत, आणि आजूबाजूच्या कोणाला काही माहीत नाही. मारायला आलात का, असं आपण विचारलं होतं. आता तो प्रश्न आपल्याला कोणी विचारायचा? आपण वन्संना एकदा नुसतं म्हटलं असतं, गोळ्या मी देते, तुम्ही देऊ नका. सहा शब्द. तेवढे शब्द तोंडातून काढायला आपल्याला मानपान आडवा आला.

"वाचनालयात बघितलं का?" दुर्गाबाई म्हणाल्या.

"आज रविवार. बंद असतं."

"बंद असतं तेव्हाच तो जातो. लहानपणापासूनचं आहे ते. सगळे बाहेर पडले, की हा आत."

सुनीतीने त्यांच्याकडे बघितलं. तेहेतीस वर्षांचा संसार झाला, पण हे तिला माहीत नव्हतं. ती चप्पल न घालताच निघाली. दुर्गाबाई गुडघे सांभाळत मागून जिना उतरायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावर सुनीती थांबली आणि तिने हात पुढे केला.

"वन्सं, मी त्या दिवशी जे बोलले..."

"आत्ता नको," दुर्गाबाई हात धरत म्हणाल्या. "आधी तो सापडू दे. मग हवं तेवढं भांडू."

सोसायटीचं वाचनालय म्हणजे वॉचमनच्या खोलीशेजारची एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि श्यामसुंदररावांनी ग्रंथपाल म्हणून निवृत्त होताना कॉलेजच्या ग्रंथालयातून भंगारात निघालेला म्हणून उचलून आणलेला एक लाकडी कपाटवजा खोका, छोट्या छोट्या कप्प्यांचा. पूर्वी त्यात पुस्तकांची कार्डं असायची. दार नुसतं लोटलेलं होतं. सुनीतीने ते ढकललं.

श्यामसुंदरराव खुर्चीत बसले होते. गुळगुळीत दाढी, नाकावर घसरलेला चष्मा, पायात पांढरे मोजे. समोर वर्तमानपत्राचा कापलेला चौकोन, आणि त्यावर तीन गुलाबी गोळ्या. ते पुडी बांधत होते.

"अहो!" सुनीतीला धाप लागली होती. "किती गोळ्या घेतल्यात तुम्ही?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. आधी तिच्याकडे, मग मागून आलेल्या बहिणीकडे, मग दोघींच्या धरलेल्या हातांकडे.

"सकाळी तीन, रात्री तीन," ते म्हणाले. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. का? वाढवल्यात का?"

"आम्ही दोघी देत होतो!"

"ते मला माहीत आहे. मी हजर होतो."

आणि त्यांनी खोक्याचा एक कप्पा ओढला. आत पुड्या होत्या. ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख आणि वेळ. सुनीतीने एक उघडली. तीन गोळ्या. दुसरी उघडली. तीन. तिने वीस पुड्या मोजल्या आणि एकविसावी टेबलावर अर्धी बांधलेली. एकवीस त्रिक त्रेसष्ट.

दुर्गाबाई जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. सुनीतीला आधी रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. ती टेबलाची कड धरून म्हणाली, "तुम्हाला काही लाज? अं? तिकडे हॉस्पिटल हलवलं आम्ही. पोरगा सगळ्या कर्वेनगरात स्कूटर घेऊन फिरतोय!"

"मला कोणी विचारलंच नाही."

"पण सांगायचं नाही?"

"कोणाला सांगू?" आता त्यांचा आवाज जरा चढला. "ताईला सांगितलं असतं की सुनीती देऊन गेली, तर ताई म्हणाली असती, माझ्यावर भरवसा नाही म्हणून ही स्वतः देते. रात्रीची बस पकडली असती तिने. तुला सांगितलं असतं, तर तूच तिला स्वारगेटला सोडून आली असतीस. मला तुम्ही दोघी घरात हव्या होता. मी आजारी आहे. एवढं तरी मला मागता येतं ना?"

सुनीतीने वरदला फोन केला, मग हॉस्पिटलला. ड्यूटीवरच्या डॉक्टरने लांब श्वास सोडल्याचं स्पष्ट ऐकू आलं. तिने श्यामसुंदररावांनाच फोन द्यायला सांगितलं. जुलाब झाले त्या दिवशी दोन-तीन, ताप नाही, तोंड आलेलं नाही, तळवे लाल आहेत पण चालता येतं. ठीक आहे, ती म्हणाली, हे नेहमीच्या डोसचेच त्रास आहेत. मलम चालू ठेवा, पाणी भरपूर प्या. जुलाब चारच्या वर गेले, ताप आला, तोंड आलं किंवा तळव्यांना चिरा पडून दुखायला लागले, तर गोळ्या थांबवून लगेच फोन करा, सोसत बसू नका. रात्रीच्या तीन घ्या. उद्या येऊन एकदा दाखवून मात्र जा.

"आणि काका," ती शेवटी म्हणाली, "यापुढे गोळ्या एकाच हातात ठेवा."

"मीही तेच म्हणतोय," श्यामसुंदरराव म्हणाले, "दहा दिवस."

दुर्गाबाईंनी डोळे पुसले. मग त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलंच. सुनीतीच्याही जिभेवर तेच होतं, पण ती वयाने लहान.

"काय रे श्याम, घ्यायचास कोणाच्या?"

"पहिली येईल तिच्या. ग्रंथालयाचा नियम आहे. दुसरीच्या जमा."

"पण मी तर समोर बसून राहायचे," सुनीती म्हणाली. "तोंडात टाकताना बघायचे." आणि बोलता बोलता ती थांबली. पाणी जरा गार आहे गं, घसा आवळेल, कोमट करून आण. किती वेळा उठवलं होतं त्यांनी तिला! ती धावत जायची, पाणी गरम करून आणायची, तोवर हे हात झटकून म्हणायचे, गिळल्या बघ. आणि गारव्याचा त्रास तर आठवड्यात जातो. आधीच्या चारही वेळा तसाच गेला होता. या वेळी दहा दिवस झाले तरी पाणी गारच कसं, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"मलाही उठवायचा," दुर्गाबाई म्हणाल्या. "मेला लबाड."

त्यांनी कप्प्यातली एक पुडी उचलली आणि डोळ्यांपासून लांब धरली. "हे खाली बारीक काय लिहिलंयस?"

श्यामसुंदरराव एकदम गडबडले. "काही नाही. शेरा आहे. सवय असते हाताला. ठेव ती आत."

"माझा चष्मा वर राहिलाय. सुनीती, वाच गं."

सुनीतीने पुडी घेतली. नवऱ्याचं बारीक, सरळ अक्षर. तिने पहिली ओळ मनातच वाचली आणि पुडी उलटी धरली.

"वाच की."

"वीस तारीख, रात्र. सुनीती," ती हळूहळू वाचायला लागली. "शेरा. म्हणाली, वन्संना असं बोलायला नको होतं. आई गेल्यावर तुम्हाला लहानाचं मोठं त्यांनीच केलं, त्यांना मी असं बोलले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, हे तिला सांग. म्हणाली... म्हणाली, कुठल्या तोंडाने सांगू."

आता सांगून झालं होतं. तिच्याच तोंडाने, वन्संच्या समोर, नवऱ्याच्या अक्षरात. सुनीतीला मान वर करवेना.

दुर्गाबाईंनी कप्प्यात हात घालून दुसरी पुडी काढली आणि चष्म्याशिवायच तिच्यापुढे धरली.

"आता माझी वाच. कुठलीही काढ. मी रोज तेच म्हणत होते त्याला."

सुनीतीने ती वाचली, मात्र मोठ्याने नाही. अठरा तारीख, सकाळ, ताई. माठ रिकामा करून गॅलरीत पालथा घातला म्हणाली. सुनीतीचं काही चुकलं नाही, मीच आधी विचारायला हवं होतं, म्हणाली. सुनीतीने पुडी परत घडी घालून आपल्या कमरेला खोचली.

"ती जमा आहे," श्यामसुंदरराव म्हणाले.

"राहू दे," सुनीती म्हणाली. "नाही परत करणार मी."

वरद आणि अपूर्वा येईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. मग वरदला दोघींनी मिळून, आलटून पालटून, मनसोक्त झापलं, आणि त्यानेही ते मुकाट ऐकून घेतलं, कारण आई आणि आत्या एका बाजूने बोलतायत हे बघून त्याला सुटल्यासारखं झालं होतं. विणकामाच्या पिशवीतल्या उरलेल्या पट्ट्या कपाटात गेल्या. कपाटाची दुसरी किल्ली दुर्गाबाईंच्या कमरेला लागली. पुड्यांतल्या सुट्या गोळ्या औषधाच्या दुकानदाराला विचारून कशा टाकायच्या, ते अपूर्वाने ठरवायचं होतं.

रात्री साडेआठला मऊ भात आणि गवारीची भाजी झाली. सुनीतीने पट्टी फोडून तीन गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. दुर्गाबाईंनी पेला आणला. दोघी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसल्या.

श्यामसुंदररावांनी पेल्याला बोट लावलं. एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे.

"पाणी जरा कोमट—"

"आधी गिळा!"

"आधी गीळ!"

त्यांनी गिळल्या.